कुत्रा चावल्यानंतर कायद्याची मदत कशी मिळवावी : ठाणे आणि नवी मुंबईतील रहिवाशांसाठी

कुत्रा चावलेला माणूस वकिलाकडे बहुधा दोन-तीन महिन्यांनी जातो. तोवर जखम भरून आलेली असते, इंजेक्शनांचा क्रम संपलेला असतो, 'खर्चाचे बघू' असे म्हणणारा कुत्र्याचा मालक फोन उचलेनासा झालेला असतो आणि सोसायटीच्या कॅमेऱ्यातील चित्रीकरण पुसले गेलेले असते. अशा वेळी वकील कायदा सांगू शकतो, परंतु न झालेली कागदपत्रे तो तयार करू शकत नाही. या प्रकरणांचा निकाल बऱ्याच अंशी पहिल्या आठवड्यातील कागदांवर आणि एका साध्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतो. तो प्रश्न म्हणजे कुत्रा कोणाचा. पाळीव कुत्र्याची वाट पोलीस ठाणे आणि दिवाणी न्यायालयाकडे जाते, भटक्या कुत्र्याची वाट महापालिका आणि उच्च न्यायालयाकडे जाते, आणि दोन्हींच्या मुदती वेगवेगळ्या आहेत.

उपचाराबद्दल थोडक्यातच सांगतो. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, तिच्यावर हळद, चुना किंवा तिखट लावू नये आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. जखम खोल असेल किंवा रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेच्या आत आणि भोवती इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) द्यावे लागते, त्याबाबत डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचे महापालिका रुग्णालय, पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय अशा सार्वजनिक रुग्णालयांत प्रथम गेल्यास एक फायदा असा, की तेथे श्वानदंशाची नोंद होते आणि ती नोंद पुढे सहज नाकारता येत नाही.

केस पेपरवर काय लिहिले जाते, याकडे मात्र बारकाईने लक्ष द्यावे, कारण न्यायालयात सर्वांत आधी तोच वाचला जातो. घटनेचे ठिकाण व वेळ, कुत्रा पाळीव की भटका, जखमांची संख्या, प्रत्येक जखमेचे माप आणि शरीरावरील जागा, एवढे तरी त्यावर असावे. 'डॉग बाइट' एवढेच दोन शब्द खरडून दिलेला कागद लसीसाठी पुरतो, दाव्यासाठी पुरत नाही. पाळीव कुत्र्याने चावा घेतला असेल, तर प्रकरण एमएलसी (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण) म्हणून नोंदवण्याची विनंती करावी, म्हणजे रुग्णालयाकडून पोलिसांना परस्पर कळवले जाते. कुत्रा अंगावर आल्यामुळे वृद्ध व्यक्ती पडून खुब्याचे हाड मोडते, किंवा कुत्रा मागे लागल्याने दुचाकी घसरते, अशा प्रसंगी चाव्याची खूण नसते. मग घाईत 'पडल्याने दुखापत' असे लिहिले जाते आणि तेथेच प्रकरण अर्धे संपते. 'कुत्रा अंगावर धावून आल्याने पडून दुखापत' असे लिहून घ्यावे. लसीच्या सर्व मात्रा ठरलेल्या तारखांना घ्याव्यात. शरीरासाठी ते आवश्यक आहेच, शिवाय उपचारात हयगय केल्याचा आक्षेप घेण्याची संधी समोरच्या पक्षाला मिळत नाही.

जखमेवर पट्टी बांधण्यापूर्वीचे आणि नंतर दर काही दिवसांनी घेतलेले छायाचित्र, फाटलेले न धुतलेले कपडे, औषधांची बिले, रिक्षाचे भाडे, कामावरच्या रजेची नोंद, हे सर्व एका फाइलमध्ये ठेवावे. घटना इमारतीत किंवा वसाहतीच्या रस्त्यावर घडली असेल, तर त्याच दिवशी सोसायटीच्या सचिवांना लेखी पत्र देऊन अमुक तारखेचे, अमुक वेळेचे चित्रीकरण जपून ठेवण्याची मागणी करावी आणि पत्राच्या प्रतीवर पोच घ्यावी. कॅमेऱ्यांची यंत्रणा जुन्या चित्रीकरणावर नवे चित्रीकरण आपोआप चढवत असते, त्यामुळे या पत्रात चार दिवसांचा उशीरसुद्धा महाग पडतो. चित्रीकरण न्यायालयात दाखल करायचे, तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. ते प्रमाणपत्र वकील तयार करून घेतो, पण मूळ चित्रीकरण हाती असले तरच. मुंबईत वरळीच्या एका इमारतीतील लिफ्टमध्ये २०१८ मध्ये पाळीव हस्की जातीच्या कुत्र्याने शेजाऱ्याला चावा घेतला होता. त्या खटल्यात २०२५ मध्ये मालकाला चार महिन्यांची शिक्षा झाली आणि मालकाने कुत्र्याला ओढत लिफ्टमध्ये आणल्याचे दाखवणारे चित्रीकरण त्यात महत्त्वाचे ठरले.

कुत्रा कोणाचा

मालक समोर उभा असेल आणि कुत्रा आपला असल्याचे मान्य करत असेल, तर प्रश्नच नाही. अडचण तेव्हा येते, जेव्हा घटनेनंतर 'तो आमचा नाही, आम्ही फक्त खायला घालतो' असे उत्तर मिळते. मालकी सिद्ध करण्यासाठी महापालिकेचा श्वान परवाना, पशुवैद्यकाकडील लसीकरणाचे कार्ड, सोसायटीकडील पाळीव प्राण्यांची नोंद, कुत्र्याला साखळीने फिरवतानाची छायाचित्रे आणि सुरक्षारक्षक, सफाई कामगार, दूधवाला अशा रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांचे जबाब उपयोगी पडतात. परवाना काढलेला नसला तरी मालकाची जबाबदारी संपत नाही. उलट, नियम पाळण्याकडे त्याने दुर्लक्ष केले, असे म्हणता येते.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना नियमित अन्न देणाऱ्या व्यक्तीला मालक ठरवण्याचा मोह अनेकांना होतो. माझे मत असे, की इतर ठोस पुरावा नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ मध्ये भटक्या कुत्र्यांना अन्न देणे मान्य केलेले आहे. त्यासाठीच्या जागा खेळाच्या मैदानापासून, जिन्यापासून आणि प्रवेशद्वारापासून दूर ठरवाव्यात, अशी अपेक्षा नियम २० मध्ये आहे. ठरलेली जागा सोडून जिन्यात अन्न ठेवले गेल्याने घटना घडली, असे दाखवता आले तर ती गोष्ट तक्रारीत जरूर लिहावी. पण केवळ अन्न दिले म्हणून मालकी, हा युक्तिवाद टिकवणे कठीण असते आणि त्यात महिने निघून जातात.

पोलीस ठाण्यात

पाळीव कुत्र्याच्या बाबतीत भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ लागू होते. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये, यासाठी पुरेशी काळजी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने न घेणे, हा त्याखालील गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. निष्काळजी कृत्यामुळे दुखापत झाल्यास कलम १२५ जोडता येते. दुखापत गंभीर असेल, तर त्याच कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. गंभीर दुखापत कशाला म्हणावे, हे कलम ११६ सांगते. हाड मोडणे, डोके किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणे, आणि पंधरा दिवस तीव्र वेदना होणे किंवा नेहमीची कामे करता न येणे, हे त्यात येते. जुन्या दंड संहितेत ही मुदत वीस दिवसांची होती. म्हणून रुग्ण पंधरा दिवस किंवा त्याहून अधिक काळ काम करू शकला नसेल, तर तसे डॉक्टरांचे प्रमाणपत्र घेणे फार मोलाचे ठरते. त्या एका कागदाने कलम बदलू शकते.

तक्रार मराठीत, साध्या भाषेत, दोन प्रतींत लिहून न्यावी. घटना कोठे व कशी घडली, कुत्र्याला साखळी किंवा मुसके होते का, त्या वेळी तो कोणाच्या हातात होता, मालक घटनेनंतर काय म्हणाला, याच कुत्र्याने आधी कोणाला चावा घेतला होता का आणि त्याबद्दल सोसायटीत तक्रार झाली होती का, हे मुद्दे त्यात असावेत. शेवटचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. कुत्रा आक्रमक आहे, हे मालकाला आधीपासून माहीत होते, असे दाखवता आले तर 'असे होईल, हे मला कसे कळणार' हा बचाव पडतो. सोसायटीच्या बैठकीचे जुने इतिवृत्त किंवा मालकाला पाठवलेले जुने पत्र अशा वेळी कामी येते. फाटकावर लावलेली 'कुत्र्यापासून सावध राहा' ही पाटी मालकाला सोडवते, असा समज आहे, परंतु टपाल, सिलिंडर किंवा पार्सल घेऊन रीतसर आलेल्या माणसाच्या बाबतीत ती पाटी मालकाला धोक्याची जाणीव होती, याचाच पुरावा म्हणून वापरता येते.

कलम २९१ चा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी तो नोंदवून स्वतः तपास करायचा असतो. तरीही 'आपसांत मिटवा' असे सुचवून केवळ एनसी (अदखलपात्र नोंद) नोंदवण्याकडे काही वेळा कल दिसतो. तक्रारदाराने वाद घालत बसू नये. लेखी तक्रार आवक शिक्क्यासह द्यावी आणि गुन्हा नोंदवला गेला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तक्रारीचा सारांश वरिष्ठांकडे, म्हणजे आपल्याकडील आयुक्तालयांच्या रचनेत परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांकडे, नोंदणीकृत टपालाने पाठवावा. त्यानेही काम झाले नाही, तर कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे शपथपत्रासह अर्ज करता येतो आणि तेथे वकील लागतो. गुन्हा नोंदवला गेल्यास प्रथम खबरी अहवालाची प्रत विनामूल्य मिळणे हा तक्रारदाराचा हक्क आहे. केवळ कलम २९१ चा गुन्हा असेल, तर घटनेपासून एका वर्षानंतर न्यायालय त्याची दखल घेऊ शकत नाही, ही मर्यादाही लक्षात ठेवावी.

फौजदारी खटल्याकडून अपेक्षा मात्र माफक ठेवावी. मुंबईतील एका प्रकरणात २०१० मध्ये रॉटवायलर जातीच्या कुत्र्याने चावा घेतला आणि मालकाला तीन महिन्यांची शिक्षा सुनावली गेली ती २०२३ मध्ये. दंडाच्या रकमेतून किंवा स्वतंत्रपणे जखमी व्यक्तीला भरपाई देण्याचा आदेश न्यायालय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ खाली देऊ शकते, पण प्लास्टिक सर्जरीचा खर्च अशा आदेशातून निघेल, असे गृहीत धरू नये. पैशांसाठी दिवाणी वाट आहे.

हद्दीचा घोळ

कोणता अर्ज कोठे द्यायचा, हे ठाणे आणि नवी मुंबईत वाटते तितके सरळ नाही. घोडबंदर रस्ता, वागळे इस्टेट, कळवा किंवा मुंब्रा येथील घटनेसाठी ठाणे महापालिका, ठाणे पोलीस आयुक्तालय आणि कोर्ट नाका येथील जिल्हा न्यायालय, अशी रांग सरळ लागते. दिघा, ऐरोलीपासून वाशी, नेरूळ, बेलापूरपर्यंत महापालिका नवी मुंबईची, पोलीस नवी मुंबईचे, न्यायालय सीबीडी बेलापूरचे, पण जिल्हा ठाणे, त्यामुळे मोफत कायदेशीर मदत देणारे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ठाण्याचेच. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल येथील रहिवासी स्वतःला नवी मुंबईकर म्हणवतात आणि त्यांचे पोलीसही नवी मुंबई आयुक्तालयाचे असतात, परंतु त्यांची महापालिका पनवेलची, जिल्हा रायगड, न्यायालय पनवेलचे आणि जिल्हा प्राधिकरण अलिबागला आहे. खारघरच्या घटनेची नोटीस बेलापूरच्या महापालिका मुख्यालयात दिल्यास ती वाया जाते, आणि भटक्या कुत्र्याच्या प्रकरणात असा वाया गेलेला महिना भरून काढता येत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

मालकाविरुद्ध भरपाई

दिवाणी दाव्यापूर्वी वकिलामार्फत नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठवण्याची पद्धत आहे आणि बरीच प्रकरणे नोटिशीवरच मिटतात. नोटिशीत रकमेची फोड असावी : झालेला वैद्यकीय खर्च, पुढे होणारा खर्च, बुडालेले उत्पन्न, प्रवास, सोबतीला राहिलेल्या व्यक्तीचे नुकसान, वेदना, व्रण व विद्रूपता आणि मानसिक परिणाम. ढोबळ पाच लाखांच्या मागणीपेक्षा बिलांचा आधार असलेल्या कमी रकमेच्या मागणीला वजन असते. पुढील शस्त्रक्रियेचा अंदाजे खर्च प्लास्टिक सर्जनकडून लेखी घ्यावा. लहान मूल कुत्र्याला पाहून रस्त्यावर उतरत नसेल, झोपेतून दचकून उठत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे नेणे उपचार म्हणून तर योग्य आहेच, शिवाय 'मानसिक त्रास' या शब्दांना तेव्हाच पुरावा मिळतो.

खासगी व्यक्तीविरुद्ध असा दावा मुदत कायद्याप्रमाणे सर्वसाधारणपणे तीन वर्षांत दाखल करावा लागतो. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलाच्या बाबतीत मुदत तो सज्ञान झाल्यावर मोजली जाते, परंतु त्यावर विसंबून थांबण्यात अर्थ नाही, कारण साक्षीदार घरे बदलतात आणि स्मृती पुसट होते. मालकाकडून येणारा नेहमीचा बचाव म्हणजे जखमी व्यक्तीने कुत्र्याला छेडले, दगड मारला किंवा परवानगीशिवाय आवारात प्रवेश केला. म्हणून तटस्थ साक्षीदाराचे नाव आणि फोन क्रमांक घटनेच्या दिवशीच लिहून ठेवावा.

लसीचा खर्च आणि दोन दिवसांची मजुरी एवढेच नुकसान असेल, तर दिवाणी दावा लढवणे परवडत नाही, असे स्पष्ट सांगणारा वकील चांगला समजावा. अशा प्रकरणासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व, म्हणजे दावा दाखल होण्याआधीच्या, लोकअदालतीचा अर्ज करणे अधिक शहाणपणाचे आहे. दोन्ही पक्षांना तेथे बोलावले जाते, न्यायालयीन शुल्क लागत नाही आणि तडजोड झाली तर लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच अंमलात आणता येतो, त्यावर अपीलही होत नाही. ज्याच्याशी रोज एकाच लिफ्टमधून जायचे आहे, त्याच्याशी सात वर्षे खटला चालवण्यापेक्षा हा मार्ग बहुतेकांना मानवतो.

भटक्या कुत्र्याचा चावा : मुदतीचा धोका

भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण, रेबीजविरोधी लसीकरण आणि व्यवस्थापन ही स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी आहे. ही जबाबदारी पार न पाडल्यामुळे इजा झाली, असा महापालिकेविरुद्धचा दावा असतो. येथे बहुतेकांना ठाऊक नसलेली एक तरतूद आडवी येते. ठाणे, नवी मुंबई आणि पनवेल या तिन्ही महापालिकांना लागू असलेल्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे, त्या अधिनियमाखालील कृतीबद्दल महापालिकेविरुद्ध दावा करण्यापूर्वी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. कर्तव्यात कसूर झाल्याच्या दाव्याला हे कलम लागू होते की नाही, यावर वकील युक्तिवाद करू शकतात. परंतु तो युक्तिवाद करण्याची पाळीच येऊ नये, अशा बेताने सहा महिने हीच मुदत धरून चालावे. राज्य शासनालाही प्रतिवादी करायचे असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस लागते, म्हणजे हाताशी उरणारा काळ आणखी कमी होतो.

महापालिकेविरुद्ध नुसते 'कुत्रे फार झाले आहेत' हे म्हणणे पुरत नाही. त्या जागेबद्दल पालिकेला आधी कळवले गेले होते आणि तरीही काही केले गेले नाही, हे दाखवावे लागते. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज फार उपयोगी पडतो. अमुक रस्त्यावरील भटक्या कुत्र्यांबाबत गेल्या दोन वर्षांत आलेल्या तक्रारी, त्यांवर केलेली कार्यवाही, त्या प्रभागात निर्बीजीकरण व लसीकरण केलेल्या कुत्र्यांची नोंद आणि हे काम दिलेल्या संस्थेशी झालेला करार, यांच्या प्रती मागाव्यात. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क दहा रुपये आहे आणि उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे. सहा महिन्यांपैकी एक महिना येथेच जातो, त्यामुळे लसीची दुसरी मात्रा घेतानाच हा अर्ज टाकलेला बरा. त्याच सुमारास प्रभाग समितीच्या सहायक आयुक्तांना आणि पशुवैद्यकीय विभागाला घटनेची लेखी तक्रार द्यावी, म्हणजे तोच कुत्रा पुढे आणखी कोणाला चावला तर पालिकेला 'माहीत नव्हते' असे म्हणता येणार नाही.

दुसरा मार्ग उच्च न्यायालयात रिट याचिकेचा आहे. सार्वजनिक संस्थेच्या निष्काळजीपणामुळे राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालील जीविताच्या हक्काला बाधा आली, म्हणून भरपाई द्यावी, असे त्यात मागितले जाते. मृत्यू, लहान मुलाची गंभीर विद्रूपता किंवा कायमचे अपंगत्व अशा प्रकरणांतच हा मार्ग धरावा, असे मला वाटते. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये श्वानदंशाच्या भरपाईसाठी दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान दहा हजार रुपये, आणि मांस निघाले असेल तर जखमेच्या प्रत्येक ०.२ सेंटिमीटरमागे किमान वीस हजार रुपये, असे परिमाण घालून दिले. तो निर्णय महाराष्ट्रात बंधनकारक नाही, तरी तो दाखवून युक्तिवाद करता येतो. केस पेपरवर जखमांची संख्या आणि माप लिहून घेण्याचा आग्रह आधी धरला, त्याला हेही एक कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस स्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातून भटके कुत्रे हटवावेत आणि पुन्हा तेथेच सोडू नयेत, असे निर्देश दिले. घटना अशा आवारात घडली असेल, तर नोटिशीत या आदेशाचा उल्लेख अवश्य असावा. रस्त्यावरच्या घटनेला मात्र तो तसाच्या तसा चिकटवू नये, कारण तेथे निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्र्याला त्याच भागात परत सोडण्याचा सर्वसाधारण नियम आहे. चावऱ्या कुत्र्याला 'दूर कुठेतरी खाडीपलीकडे सोडून या' असा हट्ट पालिकेकडे धरण्यात म्हणूनच काही हाशील नाही.

रागाच्या भरात कुत्र्याला मारणे किंवा विष घालणे यामुळे जखमी व्यक्तीच आरोपी होते. प्राण्याला ठार किंवा अपंग करण्यासाठी न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे निष्काळजी मालकाला होऊ शकणाऱ्या शिक्षेपेक्षा कितीतरी जास्त. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावरील धमक्याही समोरचा वकील छापून न्यायालयात सादर करतो. त्या गटावर जे लिहायचे, ते न्यायाधीश वाचणार आहेत, असे समजून लिहावे.

मोफत वकील आणि खासगी वकील

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाख रुपयांची उत्पन्न मर्यादा आहे. कुत्रा चावलेल्यांत मुले किती मोठ्या संख्येने असतात हे पाहता, पालकांचे उत्पन्न कितीही असले तरी मुलाच्या नावाने हा अर्ज करता येतो, ही गोष्ट अधिक लोकांना माहीत असायला हवी. घरकाम करणाऱ्या महिलांनाही ती लागू आहे. ज्या घरी काम केले जाते, त्याच घरातल्या कुत्र्याने चावा घेतला तर काम जाण्याच्या भीतीने त्या गप्प बसतात, आणि मालकाने लसीचे पैसे दिले म्हणजे विषय संपला, असे दोन्हीकडून समजले जाते. तसे नाही. पगार बुडालेल्या दिवसांची भरपाई त्यांनाही मागता येते.

अर्ज कोर्ट नाका येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, किंवा बेलापूर व पनवेल न्यायालयांतील कार्यालयात द्यावा. सोबत ओळखपत्र, आवश्यक तेथे उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला, केस पेपर, बिले आणि पोलीस तक्रारीची प्रत जोडावी. नेमलेल्या वकिलाला शुल्क द्यावे लागत नाही, न्यायालयीन शुल्काचा आणि कागदपत्रांचा खर्चही प्राधिकरण उचलते. वकिलाने पैसे मागितल्यास किंवा तारखांना तो हजर राहत नसल्यास प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करून दुसरा वकील मागता येतो. रिट याचिकेसाठी उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे स्वतंत्र अर्ज करावा. प्राथमिक सल्ल्यासाठी १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

खासगी वकील नेमताना त्याने यापूर्वी दिवाणी नुकसानभरपाईचे किंवा मोटार अपघाताचे दावे चालवले आहेत का, हे विचारावे, कारण इजेचे पैशांत मोजमाप करण्याची सवय त्या कामातूनच येते. 'आत्ता काही देऊ नका, मिळालेल्या रकमेतील तीस टक्के द्या' असा प्रस्ताव आल्यास सावध व्हावे. निकालावर अवलंबून असलेले शुल्क ठरवण्यास बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे आणि रुग्णालयाच्या दारात येऊन प्रकरण मागणेही नियमबाह्य आहे. शुल्क टप्प्यांनुसार लेखी ठरवावे, प्रत्येक रकमेची पावती घ्यावी आणि मूळ कागद स्वतःकडे ठेवून वकिलाला प्रती द्याव्यात.

कामावर असताना चावा बसला असेल, तर आणखी एक दार उघडे असते. राज्य कामगार विम्याचे संरक्षण असलेल्या सुरक्षारक्षकाने किंवा कारखाना कामगाराने घटना नोकरी देणाऱ्या मालकाकडे कामावरील अपघात म्हणून लगेच नोंदवून घ्यावी. एरवी ती साधी आजारपणाची रजा ठरते.

समोरचा पक्ष तडजोडीला तयार झाला, तर रक्कम, ती देण्याची तारीख आणि कुत्र्याबाबतच्या अटी, म्हणजे मुसके, साखळी, सामायिक जागेत एकट्याने न सोडणे, हे सारे लेखी घ्यावे. सोसायटीतून कुत्र्याला हाकलण्याची अट मात्र घालू नये, ती टिकत नाही. 'यापुढे कोणतीही मागणी करणार नाही' या ओळीवर सही करण्यापूर्वी व्रणावरील पुढील शस्त्रक्रियेबद्दल डॉक्टरांचे मत घ्यावे. मुलाच्या वतीने दाखल झालेल्या दाव्यात तर आई-वडिलांनी स्टॅम्प पेपरवर परस्पर केलेली तडजोड पुरत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२ प्रमाणे त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. तडजोड मुलाच्या हिताची आहे का, हे न्यायालय पाहते आणि मिळालेली रक्कम मूल सज्ञान होईपर्यंत त्याच्या नावे बँकेत मुदत ठेवीत ठेवण्याचा आदेशही देऊ शकते. उपचारासाठी त्यातील काही भाग आधी हवा असल्यास तसा अर्ज बिलांसह त्याच न्यायालयात करावा.